त्या व्हिडिओतली बाई मीच

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटणार अशी हवा होती आणि आमच्या गावात घरोघरचे टीव्ही दिवसभर चालू असायचे. खोपोलीच्या अलीकडे, कारखान्यांच्या भिंतींना लागूनच आमचं गाव आहे. बाकीच्यांना बॉम्बची भीती वाटत असेल. आमच्याकडे भीती होती ती गॅसची. टीव्हीवर कुठल्या तरी परक्या देशातली, तोंडाला मुखवटे लावलेली माणसं दाखवायचे आणि ते बघून झालं की लोक खिडकीतून समोरच्या कारखान्याच्या टाक्यांकडे बघायचे.

"त्यांना वरून कायबी टाकायची गरज नाय," शेजारचे काका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे. "एकानं येऊन ती टाकी फोडली की झालं. आमी हाय तिथं खलास."

कुणाच्या लग्नात शूटिंगसाठी ड्रोन उडाला तरी बायका मुलांना ओढून घरात न्यायच्या. मध्येच एकदा पाण्याच्या टाकीत पावडर टाकल्याची बातमी उठली आणि सगळं गाव विहिरीवर लोटलं. पंचायतीच्याच माणसानं टाकलेली ती ब्लीचिंग पावडर होती, हे कळेपर्यंत नळाच्या पाण्याला कुणी हात लावला नाही.

मी घरी ब्लाउज शिवते. बायका माप द्यायला येतात आणि बोलत बसतात, त्यामुळे गावातली प्रत्येक भीती माझ्या मशीनवरून पुढे जायची. मी हसून सोडून द्यायचे, पण संध्याकाळी खिडक्या लावताना माझेही हात घाईत असायचे. नवरा कारखान्यात पाळीला जायचा. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई कमी बोलणाऱ्या, सदा शेतात नाही तर गोठ्यात. त्यांनी मला कधी जाच केला नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "अगं" म्हटलं की मी समजायचं.

अशात तहसील कचेरीतून एक मॅडम आमच्या बचत गटाच्या बैठकीला आल्या. आपत्ती व्यवस्थापनाचं काम त्यांच्याकडे होतं. वयानं माझ्याहून लहान, आवाज बसलेला, कारण सकाळपासून गावोगाव बोलत फिरत होत्या. कारखान्याच्या गेटसमोर रंगीत तालीम होणार होती. अतिरेक्यांनी विषारी वायूचा टँकर फोडला आहे, माणसं पडली आहेत, असं समजून पोलीस, अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्स सगळ्यांनी धावायचं. त्यासाठी जखमी माणसं हवी होती.

"कोण कोण पडून राहील?" मॅडमनी विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मी हात वर केला. शाळेत असताना स्नेहसंमेलनात मला कधी भाग मिळाला नव्हता, तेही मनात असेल. तालमीचा दिवस तेव्हा ठरला नव्हता, तो नंतर फक्त मलाच फोनवर कळवला.

सासूबाईंना मी सांगितलं की सरकारी कार्यक्रम आहे. त्यांनी विचारलं, "च्या देतात का?" मी म्हटलं, देत असतील. सरकारी कार्यक्रम म्हणजे हार, भाषण आणि चहा एवढंच त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं. मीही जास्त फोड केली नाही. नवरा त्या आठवड्यात कंपनीच्या कामानं बाहेरगावी होता. खोपोलीत आणि शिळफाट्याला रिक्षावर भोंगा लावून तालमीची सूचना दिली गेली होती, पण ती रिक्षा आमच्या आणि आजूबाजूच्या गावांपर्यंत आलीच नाही. का आली नाही ते नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं.

त्या दिवशी सकाळी गेटसमोरच्या मैदानात आमचे मोबाइल एका पिशवीत जमा करून घेतले. जखमी माणूस फोनवर बोलताना दिसला तर तालीम कसली? माझ्या मनगटाला लाल पट्टी बांधली. लाल म्हणजे गंभीर. एका नर्सनं माझ्या डोळ्यांभोवती लाल रंग चोळला आणि तोंडाच्या कडेला साबणाचा फेस लावला. मी माझी पिवळी साडी नेसले होते. ती मातीत लोळणार याचं मला जरा वाईट वाटलं. मग भोंगा वाजला, नारिंगी धुराचा डबा फुटला आणि मी ठरल्याप्रमाणे आडवी झाले.

डोळे मिटून पडल्यावर मात्र गंमत संपली. भोंगा छातीत वाजत होता. धूर नाकात जात होता. सगळं खोटं आहे हे माहीत असूनही माझे हातपाय गार पडले. असंच खरं झालं तर माझं माणूस मला कसं शोधेल, हा विचार आला आणि मी डोळे उघडले. समोर एक काचेचा चेहरा होता. पांढरा प्लॅस्टिकचा पोशाख, आत माणूस आहे की नाही ते कळेना. मी आक्रसले असणार. कारण त्या माणसानं इकडेतिकडे बघितलं, मुखवटा जरासा वर केला आणि म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, मी वरच्या आळीतला. खाली जमीन तापलीय ना? आता उचलतो." तो कोण हे मला ओळखता आलं नाही, पण त्या एका वाक्यानं माझ्या हातापायांत ऊब परत आली. तालमीचा नियम मोडून त्यानं मला माणसाचं तोंड दाखवलं होतं.

याच वेळी कुणीतरी रस्त्यावरून माझा व्हिडिओ घेतला. स्ट्रेचरवरून लोंबणारा हात, तोंडाला फेस, मागे नारिंगी धूर. खाली लिहिलं, 'खोपोलीत गॅस हल्ला, महिला जागीच ठार.' तालीम संपवून आम्ही मैदानाच्या कडेच्या मंडपात बसून सरबत घेतलं तोवर तो व्हिडिओ तालुकाभर झाला होता. आमचे फोन पिशवीत होते, त्यामुळे आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढचं मला सासूबाईंकडून नाही, गावकऱ्यांकडून कळलं.

सासूबाई गोठ्यात शेण काढत होत्या. शेजारची धावत आली आणि फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "काकी, ही तुमची सून ना गं?" त्यांनी साडी ओळखली. तोवर गावात पळापळ सुरू झाली होती. कुणी मोटारसायकलवर घाटाच्या दिशेनं निघालं, कुणी टेंपोत मुलं आणि गॅसची शेगडी चढवत होतं. सासूबाईंनी हात धुतले नाहीत. बादलीत पदर बुडवला, तो ओला पदर नाकातोंडावरून बांधला आणि सगळं गाव जिथून पळत होतं त्या दिशेला, कारखान्याकडे, चालू लागल्या.

गावातला एक रिक्षावाला बायको-मुलांना घेऊन निघाला होता. सासूबाई उलट्या चालताना बघून त्यानं रिक्षा थांबवली.

"काकी, कुटं निगालाव?"

"सून हाय माजी तिकडं."

त्यानं बायको-मुलांना शेजारच्या टेंपोत चढवलं, रुमाल तोंडाला बांधला आणि म्हणाला, "बसा."

त्या दोघांच्या लेखी तो गॅस खरा होता. तालीम, साबण, रंग हे त्यांना काही ठाऊक नव्हतं. मरण समोर आहे असं समजून ती दोन माणसं माझ्यासाठी गेटकडे आली. मी आजवर देवळात पुष्कळ हात जोडले असतील, पण आता हात जोडले की मला आधी हे आठवतं.

मंडपात मी वडापाव खात बसले होते. गलका झाला म्हणून वर बघितलं, तर पोलिसानं धरलेली दोरी एका हातानं वर करून सासूबाई आत येत होत्या. मागे रिक्षावाला. तोंडावरचा ओला पदर वाटेत सुकून मातकट झाला होता. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी उठले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी तोंडावरचा पदर सोडला आणि त्याच्या कोपऱ्यानं माझ्या हनुवटीवरचा फेस पुसला. दोन वेळा पुसला. मग बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"साबन हाय ह्यो," त्या म्हणाल्या, आणि तिथंच खाली बसल्या. मी त्यांना धरायला गेले, तर त्यांनी माझं मनगट असं घट्ट पकडलं की लाल पट्टी माझ्या कातड्यात रुतली.

मॅडम धावत आल्या. सासूबाई खालूनच म्हणाल्या, "बाई, तुमी आमाला सांगितलं का नाय? गाव सगळा पळून चाललाय. माजी सून मेली म्हून फोनात दाखवतात."

मंडपात मोठे अधिकारी होते. त्यांपैकी एकजण म्हणू लागला की सूचना दिली होती, भोंगा फिरवला होता. मॅडमनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. त्या सासूबाईंसमोर मातीत उकिडव्या बसल्या.

"आजी, चुकलं. तुमच्या गावात कळलं की नाही, ते मी स्वतः बघायला हवं होतं. माफ करा."

सरकारी माणसाच्या तोंडून असं काही ऐकायची सवय आम्हाला कुणालाच नव्हती.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, भोंग्यावरून 'अफवा आहे' असं ओरडलं तर कुणी ऐकणार नाही. लोकांनी तुम्हाला मेलेलं बघितलंय. तुम्ही जिवंत दिसलात तरच पटेल. येता माझ्याबरोबर? साडी हीच राहू दे, तोंडही धुऊ नका. जरा फेस परत लावला तर..."

"फेस नाय लावू देनार," सासूबाई म्हणाल्या.

फेसाशिवाय निघायचं ठरलं. उघड्या जीपमध्ये मागे मी उभी, एका बाजूला सासूबाई, पुढे मॅडम हातात माइक घेऊन. रिक्षावाला बायको-मुलांना गाठायला घाटाकडे गेला.

आधी शिळफाट्याला थांबलो. सूचना तिथं पोचलेली होती, तरी अर्धी दुकानं बंद झालेली. व्हिडिओपुढे सूचना कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. एक माणूस फोन हातात धरून जीपजवळ आला, स्क्रीनकडे बघे, माझ्याकडे बघे. "ह्याच त्या," तो मागे वळून ओरडला. मग गर्दी जमली. एका म्हातारीनं माझा पाय चाचपून बघितला. दुसरा एक जण मात्र भडकला. "आमची चेष्टा लावलीय का? माझी बायको पळताना पडली!" मॅडम जीपमधून उतरल्या, त्याच्या बायकोचा गुडघा बघितला, तिला दवाखान्यात पोचवायला माणूस दिला आणि मगच माइक घेतला.

त्यांचं बोलणं मी त्या दिवशी गावागावांत ऐकलं आणि दर वेळी कान देऊन ऐकलं. त्या 'घाबरू नका' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे, काय चाललंय ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता ऐका. ही बाई जिवंत आहे, गॅस सुटलेला नाही. पण कधी खरंच सुटला, तर जो रस्ता दिसेल त्यानं पळू नका. वारा कुठून येतोय बघा आणि त्याच्या आडव्या बाजूला चाला. जाता आलं नाही तर घरात थांबा, दारं-खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबा. फोनात आलेलं पुढं पाठवायच्या आधी मला फोन करा."

आमच्या गावात पोचलो तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "आनि मॅडम, मदतीची गाडी किती टायमात येनार?"

"ते मला नक्की सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "घाटात ट्रॅफिक असेल तर उशीर होईल. म्हणून तर पहिलं तुम्हीच करायचं शिकायचंय. मी शिळफाट्यालाच राहते काका, सुटला तर माझ्याही घरात येणार आहे."

एवढ्या दिवसांत टीव्हीवर कुणी 'मला माहीत नाही' असं म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरचं काकांचं टाकीचं पालुपद बंद झालं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा कुठून येतो ते विचारू लागले.

गावाच्या टोकाला एक म्हातारबाबा राहायचे. ते पळाले नव्हते, कारण बैल टेंपोत मावत नव्हते. त्यांनी गोठ्याच्या दारावर ओले गोणपाट टांगले होते, बैल आत आणि स्वतः बाहेर. मी जीपमधून उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, मी हाय. काय झालं नाय."

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "तू मेलीस म्हून मगाशी रडलो मी. बायकोच्या वक्ताला नव्हतो एवडा रडलो. आता ते रडनं कोन परत देनार?" असं म्हणून ते पुन्हा रडू लागले आणि मी पण रडले. सासूबाईंनी आत जाऊन माठातलं पाणी आणलं.

दुपार टळल्यावर पिशवीतला फोन माझ्या हातात आला. माहेरच्या मिस्ड कॉलची रांग लागली होती. माझं माहेर कोंडाण्याच्या बाजूला, कर्जतच्या डोंगरपायथ्याला. भावाला फोन लावला. तो "बोल, बोल, बोलत रहा" एवढंच म्हणत होता. त्यानं आईला फोन दिला. आई म्हणाली, "माजी पोर गेली. तू कोन बोलतेस?" मी घरातल्या खुणा सांगितल्या, लहानपणचं काहीबाही सांगितलं. तिला पटेना. फोनात कुणाचाही आवाज काढता येतो, हेही तिनं टीव्हीवरच ऐकलं होतं.

मॅडमनी ते ऐकलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "यांना कोंडाण्याला पोचवून ये. मी कुणाच्या तरी गाडीवर जाईन." सासूबाई न विचारता माझ्याशेजारी चढून बसल्या.

माहेरच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मी आत शिरले तेव्हा एक मावशी इतकी दचकली की तिच्या हातातली वाटी पडली. आई दारात बसलेली. तिनं उठून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कान ओढले, केस मागे सारून कपाळावरची लहानपणची खोक शोधली. ती सापडली तेव्हा तिनं पहिला श्वास घेतला असं मला वाटलं. सासूबाई उंबऱ्यापाशी अवघडून उभ्या होत्या. ड्रायव्हरनं सगळी हकिगत सांगितली.

आई त्यांच्याकडे वळली. "तुमी गेलाव तिकडं? ग्यासात?"

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "माजा ब्लाउज अर्धा शिवून ठेवलाय तिनं."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली. सासूबाईंनी तिला मध्येच धरलं आणि दोघी तशाच, एकमेकींचे दंड धरून, उभ्या राहिल्या. मग आमच्यासाठी भाकरी टाकल्या गेल्या. शोकाला जमलेल्या बायका जेवूनच घरी गेल्या.

तो व्हिडिओ अजून फिरतो. देशात कुठंही काही तणातणी झाली की गावाचं नाव बदलून परत येतो. मी आतापर्यंत अशा शहरांत मेले आहे जिथं मी कधी गेलेही नाही. आधी राग यायचा. आता जिथं दिसेल तिथं मी माझा मशीनवर बसलेला फोटो टाकते आणि लिहिते, 'ती बाई मीच, मी बरी आहे.' कुणी कुणी उत्तर पाठवतं. विदर्भातल्या एका बाईनं लिहिलं होतं, 'ताई, बरं वाटलं, सकाळपासून तुमचंच वाईट वाटत होतं.' ओळख ना पाळख, आणि माझं वाईट वाटून घेणारी माणसं या देशात किती आहेत ते मला त्या व्हिडिओमुळे कळलं.

मॅडम पुढच्या आठवड्यात गावात आल्या, पुन्हा पुन्हा आल्या. प्रत्येक आळीत एक माणूस ठरवला, ज्यानं खरं-खोटं विचारून बाकीच्यांना सांगायचं. आमच्या आळीत मी. तालीम असली की त्या आदल्या दिवशी स्वतः घरोघर फिरत, भोंग्यावर विसंबत नसत.

आणि मग पावसाळा सरल्यावर एका पहाटे खरोखरच कारखान्यात काहीतरी गळलं. भोंगा वाजला. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "थोडं आहे. वारा तुमच्याकडे आहे. शाळेकडे चला." मी आळीत तेच शब्द तसेच सांगितले. माणसं घाबरली होती, मीही घाबरले होते. पण सगळे चालत निघाले, वाऱ्याला आडवे, म्हाताऱ्यांना धरून. बैलांचे बाबा बैलांसकट आले. शेजारचे काका पुढे चालत ओला रुमाल हवेत धरून दिशा दाखवत होते. सासूबाईंनी दाराला कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, आणि रस्त्याला लागल्यावर मला नावानं हाक मारून म्हणाल्या, "डोकं झाक." मी इतकी गोंधळले की ओढणी उलटीच बांधली.

ऊन चढेपर्यंत गळती थांबल्याचा निरोप आला. कुणाला काही झालं नाही. दोन-चार जणांचे डोळे चुरचुरले तेवढंच. शाळेच्या व्हरांड्यात बायकांनी चहा ठेवला. मॅडम पहाटेपासून कारखाना, दवाखाना आणि शाळा अशा फेऱ्या मारत होत्या, केसही विंचरलेले नव्हते. चहा होईपर्यंत म्हणून त्या बाकावर टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या.

पोरांचा गोंगाट चालला होता. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघितलं, तसा व्हरांडा शांत झाला. त्यांनी मॅडमचा चहा झाकून बाजूला ठेवला आणि त्यांच्या तोंडावर येणारं ऊन अडेल अशा बेतानं बाकाशेजारी उभ्या राहिल्या.